गच्चीची गळती, न्हाणीघराचे काम आणि मापून बोलणारे एक मिस्त्री

आमचे घर सोलापुरात विजापूर रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीत आहे. ते १९९१ साली बांधले तेव्हा गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, घातला होता, आणि न्हाणीघरात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे खाली शहाबादी फरशी व भिंतीला कमरेइतक्या उंचीच्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. गेली तीन वर्षे स्वयंपाकघराच्या छताला ओल येऊन गिलाव्याचे पोपडे पडत होते, आणि न्हाणीघरातील पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराच्या कोपऱ्यात साचत होते. ही दोन्ही कामे गेल्या जानेवारी-फेब्रुवारीत शहराच्या पूर्व भागातील एका मिस्त्रींकडून आणि त्यांच्या चार माणसांकडून करून घेतली. हे परीक्षण त्यांच्या कामाचे आणि त्यांच्याशी झालेल्या व्यवहाराचे आहे. निकाल आधीच सांगते : गवंडीकाम पुन्हा निघाले तर मी दुसऱ्या कोणाला विचारणार नाही, मात्र प्लंबर माझा मीच शोधून आणीन.

मिस्त्रींचे नाव येथे लिहीत नाही, कारण तशी त्यांचीच इच्छा आहे. "नाव लिहू नका अक्का, फोन वाढतेत आणि कामं अर्धी राहतेत," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या फोनचा आधीच असलेला हाल पाहता ते खोटे नाही. नावापेक्षा त्यांनी दर कसा ठरवला, माप कसे घेतले आणि पैसे कसे मागितले, हे वाचणाऱ्याला जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते. कारण असे मिस्त्री सोलापुरात एकच नसणार, आणि त्यांना ओळखायचे कसे हाच खरा प्रश्न असतो.

त्यांच्या आधी दोन जणांकडून दर घेतले होते. पहिले ठेकेदार गाडीतून आले, जिन्याच्या दारात उभे राहून त्यांनी गच्चीवर नजर फिरवली आणि पाच मिनिटांत संपूर्ण गच्चीचा कोबा उखडून नवा करावा लागेल, असा निर्णय दिला. क्षेत्रफळ अंदाजे आठशे चौरस फूट, दर मालासह ११० रुपये, म्हणजे ८८,००० रुपये. चाळीस टक्के आगाऊ. मी बँकेत बत्तीस वर्षे हिशेब तपासण्याचेच काम केले असल्याने "अंदाजे" हा शब्द माझ्या कानाला खटकतो. ते गेल्यावर मी टेप घेऊन वर गेले. गच्ची बाहेरून बाहेर २८ फूट बाय २३ फूट, म्हणजे ६४४ चौरस फूट. त्यातून जिन्याच्या खोलीची १० बाय ७ ही जागा वजा केली की ५७४ उरतात. त्यांच्याच दराने हे काम ६३,१४० रुपयांचे होते. म्हणजे केवळ न मोजल्यामुळे २४,८६० रुपये वाढले होते. दर जास्त नव्हता, माप जास्त होते. आणि आपण घासाघीस नेहमी दरावर करतो, मापावर कधीच करत नाही, हे ठेकेदारांना पक्के ठाऊक असते. मी त्यांना फोनवर माप सांगितले तेव्हा "मॅडम, त्यात कठडा पण धरलाय" असे उत्तर मिळाले.

दुसऱ्यांनी तर घर न पाहताच फोनवर चौरस फुटाला ४५ रुपयांत रासायनिक लेप लावून देण्याचे कबूल केले आणि "पैशाचं काय, नंतर बघू, घरचंच काम आहे" असेही म्हटले. हे वाक्य ऐकले की मी सावध होते. चार वर्षांपूर्वी खिडक्यांच्या जाळ्यांचे काम असेच घरच्या भाषेत ठरले होते. उचल घेऊन गेलेला माणूस दोन जाळ्या बसवून गेला आणि उरलेल्या तीनसाठी मला दुसऱ्याला पुन्हा पैसे मोजावे लागले. तेव्हा माझ्याजवळ ना लेखी काही होते, ना पैसे दिल्याची पावती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मोबदला देऊन सेवा घेणारा माणूस ग्राहक ठरतो आणि १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवता येते, पण दाखवायला कागदच नसेल तर तक्रारीत लिहायचे काय?

हे तिसरे मिस्त्री आमच्या शेजारच्या गल्लीतील एका घरी काम करत होते. मी त्या घरच्या बाईंना काम कसे आहे असे विचारले नाही, कारण काम चालू असताना सगळेच बरे सांगतात. त्याऐवजी तीन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी कोणाकडे काम केले होते ते विचारले, आणि त्या घरी जाऊन न्हाणीघराच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. पाणी सरळ जाळीत गेले. त्या घरच्या आजींनी मला चहा दिला आणि मी कोण याची चौकशी बऱ्याच उशिरा केली.

मिस्त्री आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारले ते बजेट नव्हे. "तुमच्याकडं पाणी कधी येतं?" हा त्यांचा प्रश्न होता. सोलापूरकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उजनीचे पाणी आमच्या भागात चार-पाच दिवसांआड येते, घरोघरी जमिनीत हौद आणि गच्चीवर टाकी असते, आणि घरातील प्रत्येक काम पाण्याच्या वाराभोवती फिरते. गळती शोधायची तर गच्चीवर पाणी साठवावे लागणार होते आणि ते पाणी वाराच्या दिवशीच मिळणार होते. त्यांनी हेही स्पष्ट सांगितले की तपासणीचे दोन दिवसांचे ८०० रुपये होतील, काम दिले तरी आणि नाही दिले तरी. माझ्या यजमानांना हे विचित्र वाटले. मला मात्र ते पटले. फुकट पाहायला येणारा माणूस पाहण्याची मजुरी पुढे कुठेतरी वसूल करतोच, शिवाय त्याला मोठे काम निघावे असे वाटणारच.

त्यांनी चिकणमातीचे बांध घालून गच्चीचे तीन भाग केले. टाकीपासून सर्वांत लांबच्या भागात दोन इंच पाणी भरून एक रात्र ठेवले. सकाळी छत कोरडे. दोन इंच म्हटले तरी त्या एका भागात जवळपास हजार लिटर पाणी मावते, आणि ते सोडून द्यायला आमचीच काय, त्यांच्या बिगाऱ्याचीही छाती झाली नाही. तेच पाणी बादल्यांनी उपसून मधल्या भागात ओतले. तोही कोरडा निघाला. तिसरा भाग टाकीच्या स्टँडखालचा होता. तिथे पाणी भरले त्या संध्याकाळीच स्वयंपाकघरातील डाग कडेने गडद होऊ लागला. मिस्त्रींनी खाली येऊन उलट्या हाताने छत चाचपले आणि म्हणाले, "तुम्ही सगळ्या गच्चीचं विचारलालाव, पण पाणी ह्या वाट्यातनंच येलालंय." कठडा आणि कोबा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर उतार भरलेला असतो, त्याला वाटा म्हणतात. टाकी भरून वाहू लागली की तिचे पाणी वर्षानुवर्षे त्या एकाच जागी पडत होते; तिथला वाटा फाटला होता आणि पाणी कोब्याखाली शिरून तुळईच्या कडेने उतरत होते.

८८,००० रुपयांच्या कामाचे २३ फूट बाय ९ फुटांचे, म्हणजे २०७ चौरस फुटांचे काम झाले ते येथे. हे सांगण्याने त्यांचे स्वतःचेच काम कमी होत होते, आणि तरी त्यांनी ते सांगितले.

दर ठरवण्याची त्यांची पद्धत मला विशेष आवडली, म्हणून ती सविस्तर लिहिते. त्यांनी कामाचे दोन प्रकार केले : जे मोजता येते ते मापावर आणि जे फोडल्याशिवाय कळत नाही ते उक्ते, म्हणजे एकरकमी. जुना कोबा फोडून, मलबा खाली उतरवून नवा कोबा घालण्याची मजुरी चौरस फुटाला ६५ रुपये, म्हणजे २०७ चौरस फुटांचे १३,४५५. वाटा ४१ धावते फूट, म्हणजे नुसत्या लांबीचे, ४० रुपयांनी १,६४०. उरलेल्या गच्चीतील भेगा भरण्याचे उक्ते २,५००. न्हाणीघराची सात फूट उंचीपर्यंतची भिंत १६८ चौरस फूट, त्यातून दाराचे साडेसतरा वजा, अधिक जमिनीचे ३५, एकूण १८५.५ चौरस फूट टाइल्सची मजुरी ४० रुपयांनी ७,४२०. जुन्या टाइल्स व फरशी काढून खालचा भराव साफ करण्याचे उक्ते ६,०००. स्वयंपाकघरातील १२० चौरस फूट गिलावा ३५ रुपयांनी ४,२००. बेरीज ३५,२१५ रुपये, केवळ मजुरी. दाराचे माप त्यांनी मी न सांगता वजा केले, हे मी वहीत तेव्हाच टिपून ठेवले.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या दरात काय येते आणि काय येत नाही तेही त्यांनी त्याच कागदावर लिहून दिले. मलबा नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली वेगळी, आणि तिच्या १,८०० रुपयांच्या दोन खेपा लागल्या. माल वरच्या मजल्यावर चढवणे दरात धरलेले. प्लंबिंग वेगळे, ६,५०० उक्ते. विजेचे काम ते करत नाहीत. गिझरसाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि गळतीच्या करंटला बंद होणारा स्विच परवानाधारक वायरमनकडून आधी बसवून घ्या, मगच मी भिंत बुजवीन, असे त्यांनी बजावले. भिंतीचा गिलावा फोडल्यावर आत वीट कुजलेली निघाली तर काय, असे मी विचारले. त्यावर त्यांचे उत्तर होते की मग ते काम रोजावर होईल, गवंड्याचे ९०० आणि बिगाऱ्याचे ६००, पण दोन दिवसांच्या वर गेले तर वरचा रोज त्यांच्या अंगावर. प्रत्यक्षात दीड दिवस लागला.

मी घासाघीस केली का? केली, थोडी. टाइल्सची मजुरी ३६ करा म्हटले. त्यांनी टेप माझ्या हातात दिला आणि न्हाणीघरातील कोनाडा, खिडकीच्या कडा व नळांची भोके दाखवून म्हणाले, "मोठ्या हॉलला मी छत्तीसनं करतो, इथं दिवसाला पंचवीस फूट पण सरकत नाही." हे खरे असल्याचे पुढे दिसलेच. लहान जागेत तोडाई जास्त, त्यामुळे चौरस फुटाचा दर वाढतो. हॉलचा दर न्हाणीघराला लावून कमी करायला लावले तर माणूस काम कुठेतरी कमी करतो, बहुधा टाइलच्या मागच्या मसाल्यात, जिथे आपल्याला दिसत नाही. मी चाळीसवर थांबले.

इसार म्हणून त्यांनी फक्त ३,००० रुपये घेतले. दर शनिवारी संध्याकाळी झालेल्या कामाचे माप घ्यायचे, त्याचे पैसे मोबाइलवरून द्यायचे आणि माझ्या वहीत दोघांनी सही करायची, असे ठरले. शेवटचे ३,५०० रुपये, म्हणजे साधारण दहावा हिस्सा, पावसाळा पाहून द्यायचे. मी जूनचा शेवट म्हटले होते. ती तारीख त्यांनीच पुढे ढकलली. "जूनचा पाऊस कशाला बघता, आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात. ऑक्टोबर लागताना द्या." स्वतःचे पैसे तीन महिने लांबवण्याचा सल्ला देणारा कारागीर मी प्रथमच पाहिला.

काम मात्र लगेच सुरू झाले नाही. मी नाताळाच्या सुमारास बोलले होते. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत त्यांची माणसे असतात, तेव्हा यात्रेआधी कोबा फोडून ठेवणार नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. आधी उचल घेऊन, गच्ची उघडी टाकून यात्रेला जाणारे लोक मी पाहिलेले आहेत. शिवाय थंडीच्या अखेरीचे दिवस कोब्याला बरे. आमच्या मे महिन्यात पारा त्रेचाळिसावर गेला की घातलेले सिमेंट दुपारपर्यंत तहानेने फुटते.

मालाची खरेदी मी स्वतः केली आणि येथे मिस्त्रींनी मला जे सांगितले ते बहुतेक कारागीर सांगत नाहीत. टाइल्सच्या दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "मिस्त्री कोण?" मला वाटायचे की ही ओळखीची चौकशी असते. "माझं नाव सांगू नका, आधी दर विचारा. नाव सांगितलं की माझं कमिशन तुमच्या बिलात बसतंय," असे ते म्हणाले. मी दोन दुकानांत तसेच केले आणि दुसऱ्या दुकानात चौरस फुटामागे चार रुपये कमी पडले. भिंतीच्या १२ बाय १८ इंचांच्या टाइल्स दीड चौरस फुटाच्या, पेटीत सहा. तुटफूट धरून १९ पेट्या लागतील असे त्यांनी लिहून दिले होते, आणि न उघडलेली पेटी परत घेण्याचे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या, हेही. अठरा पेट्यांत काम भागले आणि एक परत गेली. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते, ते पाहून तीन महिन्यांच्या आतलेच घ्या, असे त्यांनी सांगितले होते. पहिल्या खेपेतील दोन पोती त्यांनी तो शिक्का वाचून परत पाठवली.

वाळूचा प्रसंग तर पाहण्यासारखा होता. हल्ली नदीची वाळू सहजी मिळत नाही, दगड भरडून केलेली क्रश सँडच वापरावी लागते, आणि ती ब्रासवर विकतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. टेंपोवाल्याने अर्धा ब्रास आणल्याचे सांगितले. मिस्त्री गच्चीवरून खाली उतरले, काहीही न बोलता त्यांनी टेंपोच्या हौद्याची लांबी, रुंदी मोजली आणि एक सळई मालात खुपसून उंची पाहिली. साडेसहा, साडेचार, दीड. मी वहीवर गुणाकार केला : चव्वेचाळीस घनफूटही पुरते भरत नव्हते. टेंपोवाल्याने चव्वेचाळीसचे पैसे घेतले, आणि जाताना मिस्त्रींकडे ज्या नजरेने पाहिले ती या व्यवसायाबद्दल बरेच काही सांगून गेली.

प्रत्यक्ष कामात मला त्यांची शिस्त दोन ठिकाणी दिसली. पहिली मसाल्याची. एका वेळी एवढाच मसाला कालवायचा की अर्ध्या तासात संपेल. दुपारी जेवणापूर्वी उरलेले एक घमेले पुन्हा पाणी घालून मऊ करायला निघालेल्या पोराला त्यांनी ते माझ्यासमोर मलब्यात ओतायला लावले. दुसरी पाण्याची. नव्या कोब्यावर त्यांनी मसाल्याच्या बारीक कडा घालून वाफे केले आणि दहा दिवस त्यात पाणी उभे ठेवायला सांगितले. हल्लीचे मिश्र सिमेंट असेल तर बांधकामाच्या भारतीय मानकातही किमान दहा दिवसच सांगितलेले आहेत. मिस्त्रींनी ते मानक वाचलेले नसावे, पण आकडा तोच होता. त्या दहा दिवसांत दोनदा आमचा पाण्याचा वार चुकला. तेव्हा त्यांचा बिगारी स्वतःहून दोन घरे पलीकडच्या बोअरवरून पाणी घेऊन आला. ते बोअरचे पाणी जड आहे, टाइल्सच्या सांध्यांत पांढरे डाग पडतील म्हणून न्हाणीघरात ते वापरू दिले नाही, हेही नमूद करते.

आता तक्रारी. कबूल केलेले सोळा दिवस तेवीस झाले. त्यात एक अमावास्या गेली, तिची कल्पना मला होती. पण उरलेले दिवस ते दुसऱ्या एका कामावर गेले होते आणि त्या काळात फोन उचलत नव्हते. सकाळी साडेआठ म्हणजे त्यांच्या घड्याळात साडेनऊ. न्हाणीघराच्या दारामागील दोन टाइल्स एका रेषेत नाहीत, हात फिरवला की कड लागते. जमिनीचा ढाळही पहिल्यांदा किंचित चुकला होता. मी तांब्याभर पाणी ओतून दाखवले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही; चार फरशा उचलून स्वतःच्या खर्चाने पुन्हा बसवल्या, पण ते मला दाखवून द्यावे लागले, हे खरे.

एक गोष्ट दराच्या पत्रकात नव्हती आणि मला ती आवडली नाही. त्यांच्याकडे मलबा वाहायला एक बाई होत्या. त्या दिवसाला कोब्याची शंभराच्या वर घमेली जिन्यावरून खाली नेत. पुरुष बिगाऱ्याला ६०० आणि त्यांना ५००. मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सगळीकडं असंच आहे अक्का." समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता, आणि मी बँकेत त्याच कायद्याच्या सावलीत पुरुषांच्या बरोबरीने पगार घेतला, त्यामुळे मला गप्प बसवेना. रोजाचे जे दीड दिवसाचे काम निघाले त्यात मी त्या बाईंचे ६०० च्या हिशेबाने लावले आणि तसे वहीत लिहिले. उक्त्या कामात मला हात घालता आला नाही. दर पाडून मागण्याच्या नादात आपण नेमके कोणाच्या रोजातून ते पैसे काढतो, हे या एका घरात मला स्पष्ट दिसले. काम संपताना त्या बाईंनी बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी लागणाऱ्या नव्वद दिवसांच्या दाखल्याबद्दल विचारले. आमच्याकडे त्यांचे अकराच दिवस भरले होते. तेवढ्या दिवसांची चिठ्ठी तारखांसह लिहून, सही करून दिली. ती पुढे कितपत कामी आली ते समजले नाही.

प्लंबरबद्दल शेवटी लिहिते, कारण या सगळ्या व्यवहारात कमकुवत दुवा तोच होता. मिस्त्रींनी "आपलाच माणूस आहे" म्हणून आणलेला हा तरुण हाताने जलद होता. गरम पाण्याला उष्णता सोसणारा सीपीव्हीसी आणि थंडला यूपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप ही निवडही बरोबर होती. पण भिंत बंद करण्यापूर्वी पाइपात दाब भरून तपासायला त्याला वेळ नव्हता. मिस्त्रींनी त्याला तसे करायला लावले म्हणून आतला एक सांधा गळताना सापडला, नाहीतर तो टाइलच्या मागे गेला असता. बाहेर बेसिनखालच्या अँगल कॉकमधून, म्हणजे पाणी बंद करायच्या छोट्या नळातून, मात्र थेंब पडत राहिला. तीनदा बोलावले; दोनदा आला, गळती थांबवायची टेप गुंडाळून गेला, आठवड्याने थेंब पुन्हा सुरू. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात थेंब म्हणजे किती, ते खाली तांब्या ठेवून पाहावे : आमच्याकडे रात्रीतून तो भरत असे.

एकूण खर्च माल, मजुरी, प्लंबिंग, वायरमन आणि मलबा धरून पहिल्या ठेकेदाराने नुसत्या गच्चीसाठी सांगितलेल्या आकड्याच्या आतच राहिला, आणि त्यात न्हाणीघर नवे झाले. उन्हाळा संपला, जूनच्या सरी झाल्या, छत कोरडे राहिले. सप्टेंबरात पाऊस सलग लागला तेव्हा मी रात्री दोनदा उठून बॅटरीने छत पाहिले, डाग नव्हता.

सप्टेंबरच्या अखेरीस मिस्त्री आले, मी फोन न करता. पैशाचा विषय काढण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघराचे छत उलट्या हाताने चाचपले, मग वर जाऊन वाट्याच्या सगळ्या कडेने खिळ्याने टकटक करत फिरले. टाकीच्या बाजूच्या कोपऱ्यात केसासारखी एक भेग होती. ती त्यांनी थापीने खरवडून, सोबत आणलेल्या पिशवीतील सिमेंटने भरली आणि तीन दिवस त्यावर ओले पोते टाकून ठेवायला सांगितले. हात धुवायला ते बेसिनपाशी गेले तेव्हा खाली ठेवलेला तांब्या त्यांना दिसला. त्यावर ते काही बोलले नाहीत. मी ३,५०० रुपये मोजून दिले, त्यांनी त्यातून तीनशे वेगळे काढून ओट्यावर ठेवले, माझ्या वहीत ३,२०० लिहून सही केली आणि चपला घालताना म्हणाले, "दुसरा प्लंबर बोलवा अक्का, माझ्या माणसाच्यानं ते होत नाही."